मदत हवी आहे: सोडियम १०९, किडनी बंद, डायलिसिस कसं करून घ्यावं?

नमस्कार. बाबा (वय ७१) कालपासून सोलापुरात आयसीयूत आहेत. आठवडाभर उलट्या-जुलाब चालू होते आणि त्यातच बीपीची गोळीही चालू राहिली. तिच्यात लघवी वाढवणारं औषध असतं, हे आम्हाला आत्ता कळलं. अंगात त्राण नाही म्हणून आम्ही नुसतं पाणी पाजत राहिलो. परवा रात्री ते मला आत्याच्या नावाने हाका मारायला लागले, चादरीचे धागे उपसत बसले. तेव्हा घाबरून गाडी काढली.

सोडियम १०९ (फारच कमी), पोटॅशियम ६.४ (जास्त, हृदयाला धोका), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ८.२, म्हणजे खूप जास्त. लघवी दिवसभरात जेमतेम १५० मिली. पोटॅशियमसाठी इंजेक्शनं दिलीत, पण ती तात्पुरती. डायलिसिस लागणारच, आणि तिथेच घोडं अडलंय. डायलिसिसच्या द्रावणात सोडियम १४० च्या आसपास असतं, मशीनवर कमी केलं तरी साधारण १३०. म्हणजे चार तासांत बाबांचं सोडियम झपाट्याने चढणार. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे मेंदूचं चित्र काढून समजावलं: इतके दिवस कमी सोडियमला सरावलेल्या मेंदूला चोवीस तासांत ८ पेक्षा जास्त वाढ धोक्याची. नसांवरचं आवरण खराब होतं. दोन-चार दिवस माणूस सुधारल्यासारखा वाटतो, आणि मग बोलणं, गिळणं जातं. ते ऐकल्यापासून डोळ्याला डोळा नाही.

एक मार्ग सीआरआरटीचा: अगदी संथ, रात्रंदिवस चालणारं डायलिसिस, द्रावणातलं सोडियम मुद्दाम कमी ठेवून. ती सोय या हॉस्पिटलात नाही. पुण्याला न्यायचं तर अडीचशे किलोमीटर, तेही एवढं पोटॅशियम असताना. दुसरा मार्ग इथलाच: रक्ताचा वेग कमी ठेवून दीड-दोन तासांचं डायलिसिस, सोबत सोडियम झपाट्याने चढू नये म्हणून शिरेतून ग्लुकोजचं पाणी आणि मध्ये मध्ये सोडियमची तपासणी.

घरच्या कुणावर अशी वेळ आली होती का? छोटं डायलिसिस झालं असेल तर सोडियम किती तासांनी तपासत होते, आणि माणूस नीट ओळखायला कधी लागला? कुणी नेफ्रॉलॉजिस्ट वाचत असतील तर, आधी इथे एकदा डायलिसिस करून पोटॅशियम उतरवावं आणि मग पुण्याला हलवावं, हे बरोबर आहे का?

मिठाचं पाणी पाजा असं कृपया सुचवू नका. काका सकाळपासून तेच सांगतायत, पण बाबा गुंगीत आहेत, घोट श्वासनलिकेत जाईल.

डॉक्टरांना आज रात्रीच होकार द्यायचा आहे. मी जागीच आहे.