शब्दचर्चा : ‘धर्मसंस्थापक’ म्हणावं की ‘प्रेषित’?

प्रश्न : मुलांसाठी जगातल्या धर्मांवर एक छोटं टिपण करतो आहे. त्यात ‘ख्रिस्ती धर्माचे संस्थापक येशू ख्रिस्त’ आणि ‘इस्लामचे संस्थापक महंमद पैगंबर’ अशी दोन वाक्यं होती. एका मित्राने दोन्हींखाली रेघ मारली आणि बाजूला ‘शब्द बघ’ एवढंच लिहून कागद परत दिला. ‘संस्थापक’मध्ये गैर काय आहे? आणि तो नको असेल तर दोघांनाही ‘प्रेषित’ म्हटलं तर चालेल का? शेवटी दोघांची तुलना करणारा तक्ता द्यायचा आहे, त्यामुळे एकच शब्द मिळाला तर बरं.

उत्तर : एकच शब्द हवा म्हणालात, अडचण तिथेच आहे.

आज ‘संस्थापक’ म्हटलं की शिक्षणसंस्थेच्या कार्यालयातला हार घातलेला फोटो आठवतो. आधी काही नव्हतं, यांनी नोंदणी केली, घटना लिहिली, पहिले अध्यक्ष झाले. येशूला हे लावून बघा. तो जन्माने यहुदी, त्याने शिकवलं ते बहुतेक यहुद्यांनाच, त्यांच्या सभास्थानांत, अरामी बोलीत. स्वतः लिहून ठेवलेली त्याची एक ओळ नाही. ‘नियमशास्त्र रद्द करायला नव्हे, पूर्ण करायला आलो आहे’ असं त्याचं सांगणं मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, दिलं आहे. इ.स. ३०च्या सुमारास रोमन सुभेदार पिलाताने त्याला क्रुसावर दिलं तेव्हा ‘ख्रिस्ती’ हा शब्दही जन्माला आलेला नव्हता. शिष्यांना ते नाव पुढे अंत्युखिया या शहरात पडलं. यहुदी नसलेल्यांना सुंता न करता आत घ्यायचं का, यावरचा वाद इ.स. ४९च्या आसपास यरुशलेमात मिटला आणि त्यात येशूनंतर त्याचा संदेश पसरवणारा पौल पुढे होता. म्हणून काही अभ्यासक पौलालाच खरा संस्थापक ठरवतात. मला ते ओढूनताणून केलेलं वाटतं, कारण पौलाची पत्रं ख्रिस्ताभोवतीच फिरतात. तरीही येशूवर ‘संस्थापक’ जरा सैल बसतो हे खरं. गंमत अशी की श्रद्धावान ख्रिस्ती माणसाची या शब्दाला फारशी हरकत नसते. ‘या खडकावर मी आपली मंडळी (म्हणजे चर्च) रचीन’ हे येशूचं पेत्र या शिष्याला उद्देशून असलेलं वाक्य त्याच्यापाशी असतं.

महंमदांच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. इतिहासाच्या दृष्टीने शब्द चपखल आहे. ६१० मध्ये पहिला साक्षात्कार, ६२२ मध्ये मक्का सोडून मदिना, तिथे टोळ्यांशी करारमदार, ६३० मध्ये मक्का हाती आणि ६३२ मध्ये निधन. समाज, कायदा, फौज, न्यायनिवाडा, सगळं त्यांच्या हयातीत उभं राहिलं. पण हरकत घेतो तो श्रद्धावान. त्याच्या लेखी इस्लाम आदमपासून चालत आलेला आहे. इब्राहिम यहुदीही नव्हते आणि नसरानी (ख्रिस्ती) ही नव्हते, ते ईश्वराला शरण गेलेले होते, असं कुराण (३:६७) सांगतं. महंमद त्या परंपरेतले शेवटचे, ‘खातमुन्नबीयीन’, म्हणजे नबींच्या, ईश्वराचा संदेश आणणाऱ्यांच्या, मालिकेवरची मोहोर. शेवटच्याला संस्थापक कसं म्हणणार? जुन्या मराठी पुस्तकांतला ‘महंमदी धर्म’ हा शब्द मुसलमानांना खटकतो तोही याच कारणाने.

जाता जाता : गीतेतलं ‘धर्मसंस्थापनार्थाय’ आठवा. तिथे नवा धर्म काढायचा नाही, ढळलेली घडी परत बसवायची आहे. त्या जुन्या अर्थाने ‘संस्थापक’ म्हटलं तर येशू आणि महंमद या दोघांच्याही स्वतःबद्दलच्या म्हणण्याच्या आपण बरेच जवळ जातो. पण आज हा शब्द तसा कोण वाचतो!

आता ‘प्रेषित’. शब्दशः अर्थ पाठवलेला. ग्रीक ‘अपोस्तोलोस’ आणि अरबी ‘रसूल’ यांचा अर्थही हाच. प्रश्न आहे तो कोणी पाठवलं याचा. मराठी बायबलात प्रेषित म्हणजे येशूने पाठवलेले बारा जण आणि पौल. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे त्यातलं एक पुस्तकच आहे. येशूच्या आधीच्या यशया, यिर्मया यांच्यासाठी तिथे ‘संदेष्टा’ येतो. मुस्लिम मराठी लेखनात मात्र ‘प्रेषित मुहम्मद (स.)’ म्हणजे ईश्वराने पाठवलेले, आणि त्या मालिकेत मूसा (बायबलातले मोशे) आहेत, ईसा म्हणजे येशूही आहेत. तेव्हा तक्त्यात ‘प्रेषित येशू’ लिहिलंत की मुस्लिम वाचक मान डोलावेल आणि ख्रिस्ती वाचकाला वाटेल, गुरूला शिष्यांच्या पंगतीत बसवलं.

प्रतिसाद : एक पुरवणी. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (३:१) येशूलाही ‘प्रेषित’ म्हटलेलं आहे. अपवाद म्हणून का होईना, पण आहे. आणि हा गोंधळ मराठीपुरता नाही. अरब ख्रिस्ती पौलाला ‘बूलुस अर-रसूल’ म्हणतात, उर्दू बायबलात ‘पौलुस रसूल’ येतो. म्हणजे मुसलमान ज्या शब्दाने महंमदांना ओळखतो, त्याच शब्दाने शेजारचा ख्रिस्ती पौलाला ओळखतो. कुराणाने येशूच्या शिष्यांसाठी ‘हवारी’ असा निराळाच शब्द वापरला आहे.

प्रतिसाद : ‘पैगंबर’ राहिलाच की. तो फारसी, पैगाम आणणारा तो पैगंबर. कुराणात हा शब्द सापडणार नाही, तिथे नबी आणि रसूल. आपल्याकडे मात्र तो इतका मुरला आहे की सोलापूर-सांगलीकडे पैगंबर हे मुलाचं नावही असतं, तसंच नबीलाल आणि रसूलही. मराठीत नुसतं ‘पैगंबर’ म्हटलं की महंमदच समजले जातात, ईसा किंवा मूसा कोणाच्या मनात येत नाहीत. मुस्लिम घरात मात्र ‘ईसा पैगंबर’ सहज कानावर पडतं. कुराणात महंमद हे नाव चार वेळा येतं, ईसा पंचवीस वेळा. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं.

प्रतिसाद : आणि ‘ख्रिस्त’ हे आडनाव नव्हे, हेही टिपणात एका ओळीत येऊ द्या! मुलांना ते आडनावच वाटतं. हिब्रू ‘माशीआख’, म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. त्याचं ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’. मराठी वाचकाला राज्याभिषेक ठाऊक आहे, तेव्हा ‘अभिषिक्त’ हा प्रतिशब्द चटकन पोचतो. यहुद्यांच्या लेखी अभिषिक्त म्हणजे मुख्यतः राजा. यशयाने तर इराणच्या कोरेश राजालाही अभिषिक्त म्हटलं आहे. कुराणही येशूला ‘अल-मसीह’ म्हणतं, पण देवाचा पुत्र मानत नाही, आणि त्याला क्रुसावर मारलं हेही नाकारतं (४:१५७). पदवी तीच, आशय पार वेगळा. वर्तमानपत्रातला ‘गरिबांचा मसीहा’ हा आणखी तिसराच.

नावाचंही तसंच. गोव्यात पोर्तुगीजांमुळे ‘जेजू’ झालं, कोंकणीत आजही तेच. थॉमस स्टीफन्स या ख्रिस्ती धर्मगुरूच्या १६१६च्या मराठी क्रिस्तपुराणातही जेजू आहे. आपण लिहितो येशू. पण सन लिहिताना ‘इसवी’ लिहितो, तो अरबी ‘ईसा’वरून. मराठी माणूस रोज तारीख घालताना येशूचं मुसलमानी नाव घेतो, हे कुणाच्या गावीही नसतं.

प्रश्नकर्ता : छान. म्हणजे तक्त्यात इसवी आणि हिजरी समोरासमोर ठेवता येतील?

उत्तर : ठेवा, आणि तिथे बोलण्यासारखं बरंच आहे. इसवी सन येशूच्या जन्मापासून मोजायचा बेत होता. गणित चुकलं. येशू हेरोद राजाच्या हयातीत जन्मला असं मत्तय सांगतो, आणि हेरोद ख्रिस्तपूर्व ४ मध्ये वारल्यामुळे येशूचा जन्मच ‘ख्रिस्तपूर्व’ ठरतो. हिजरी महंमदांच्या जन्मापासून नाही, पहिल्या साक्षात्कारापासूनही नाही. ती ६२२च्या स्थलांतरापासून, म्हणजे मदिनेत समाज उभा राहिला तेव्हापासून. एकाने व्यक्ती धरली, दुसऱ्याने समाज.

तक्त्याची खरी गोची मात्र पुढेच आहे. ‘प्रारंभी शब्द होता’ असं योहान आपल्या शुभवर्तमानात म्हणतो आणि तो शब्द देही झाला, तोच येशू. इस्लाममध्ये ईश्वराचा शब्द म्हणजे कुराण. तेव्हा श्रद्धेतलं स्थान पाहिलं तर येशूसमोरच्या रकान्यात महंमद बसत नाहीत, तिथे कुराण बसतं. धर्मांचे अभ्यासक ही जोडी नेहमी दाखवतात. इतिहासाचा तक्ता करा, जन्म, भाषा, शहर, निधन यांचा. तो सरळ होईल. ‘धर्मातलं स्थान’ असा रकाना काढलात की गाडी अडलीच.

प्रतिसाद : या सगळ्या चर्चेत येशू ‘तो’ आणि महंमद ‘ते’. हे मुद्दाम का?

उत्तर : मराठीचं वळणच तसं आहे. देवाला आपण एकेरी हाक मारतो : राम वनात गेला, विठोबा विटेवर उभा राहिला. थोर माणसाला मात्र आदरार्थी. मराठी बायबलाने येशूला देवाचं एकेरी दिलं, ‘येशू म्हणाला’. मुस्लिम मराठी लेखनातही अल्लाह एकेरीच असतो आणि पैगंबर आदरार्थी, कारण तिथे पैगंबर माणूस आहेत आणि तसं ठासून सांगितलेलं आहे. अलीकडच्या काही ख्रिस्ती मजकुरांत ‘येशू म्हणाले’ असंही दिसू लागलं आहे. मुलांच्या टिपणात दोघांनाही आदरार्थीच ठेवा. ‘येशू म्हणाले’ वाचून कोणी ख्रिस्ती रागावणार नाही, ‘महंमद म्हणाला’ वाचून मुसलमान नक्की दुखावेल.