प्रायमरी की नसलेला टेबल: ओरॅकल आणि पोस्टग्रेसमधला डेटा जुळवायचा कसा?

ओरॅकल १९सी या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आणलेल्या एका टेबलला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) नाही आणि हुबेहूब सारख्या ओळी खऱ्याच आहेत. ऑर्डर बायने ओळी क्रमाने लावून फाइली ताडल्या तर दोन्हीकडचं कोलेशन (मजकूर क्रमाने लावण्याचे नियम) वेगळं, त्यामुळे भलतेच फरक दिसतात. एका बाजूच्या ओळींतून दुसरीकडच्या वजा करणारं मायनसही चालत नाही. ते डुप्लिकेट गाळतं, म्हणजे तिकडे तीन आणि इकडे दोन ओळी असल्या तरी फरक शून्य.

सध्या प्रत्येक ओळीचा एमडी५ हॅश (मजकुरावरून काढलेली ठरावीक लांबीची खूण) काढून पहिल्या दोन हेक्स (सोळा-आधारी) अंकांवर २५६ गट पाडतो. दर गटाची ओळसंख्या आणि हॅशच्या पहिल्या १५ अंकांनी बनणाऱ्या संख्यांची बेरीज ताडतो, आणि जुळत नाही तोच गट उघडतो. बेरजेऐवजी एक्सऑर (बिट-बिट ताडणारी क्रिया) मुद्दाम टाळलंय, त्यात सारख्या ओळींची जोडी एकमेकींना खोडून टाकते.

हॅशआधी दोन्हीकडे एकच रूप देतो: तारीख ठरलेल्या साच्यात, १.५ आणि १.५० एकसारखे, कॉलमांमध्ये विभाजक, नलसाठी (किंमतच नसणं) वेगळी खूण. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग नलच मानतं, म्हणून पोस्टग्रेसमधली रिकामी स्ट्रिंगही त्याच खुणेत जाते.

अडलंय ते बायनरी डबल (दशांश संख्या अंदाजे साठवणाऱ्या) कॉलमांपाशी. डेटा मजकुराच्या वाटेने आल्यामुळे शेवटचा अंक कुठेकुठे हलतो. सहा दशांशांवर राउंड केलं तरी सीमेवरच्या किमती दोन बाजूंना पडतात, आणि हॅशला 'जवळपास सारखं' कळत नाही. हे कॉलम हॅशबाहेर ठेवून उरलेल्यांवर गट पाडावेत, मग गटात किमती चढत्या क्रमाने लावून फरकाची मर्यादा तपासावी का? असे दोन-तीन कॉलम असतील तर जोड्या कशा लावता? कोणी केलं असल्यास क्वेरीसकट सांगा.