प्रेस बॉक्समधले शिष्टाचार: कामाचे किती आणि मानपानाचे किती?

शाईचा_डाग
परवा इथे एका सन्माननीय सदस्याने 'पहिल्यांदाच प्रेस बॉक्समध्ये (मैदानावरच्या पत्रकारांच्या कक्षात) जाताय?' म्हणून सूचनांची माळ लावली. अर्ध्यापर्यंत मान डोलावत वाचलं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, संघाची जर्सी घालून यायचं नाही, सही-सेल्फी मागायची नाही. एकदम मान्य. शेजारचा माणूस तिथे पोटासाठी लिहीत असतो, तुमचा जल्लोष ऐकायला आलेला नसतो.

पण पुढे महाशय घसरले. 'नवख्याने पहिल्या रांगेत बसू नये. पत्रकार परिषदेत आधी ज्येष्ठांना विचारू द्यावं. कर्णधाराला अडचणीत आणणारा प्रश्न पहिल्याच सामन्यात टाळावा, संबंध जपावेत.' ही तर दरबारातली बैठकव्यवस्था झाली! संबंध जपून काय होतं ते सायकलिंगने दाखवलंय. २००४च्या टूर द फ्रान्सच्या तोंडावर पत्रकार डेव्हिड वॉल्शचं सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या डोपिंगवरचं पुस्तक आलं, तर ज्यांच्या गाडीतून तो शर्यतीबरोबर फिरणार होता त्या पत्रकारांनीच त्याला गाडीत घ्यायला नकार दिला. का, तर हा सोबत दिसला तर आर्मस्ट्राँगचा संघ आपल्याला दारात उभं करणार नाही. २०१२मध्ये आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं गेली. गाडीतल्या सभ्य मंडळींचे संबंध तोवर छान जपले गेले होते.

तिसरा_पंच
ती माळ माझी. नाव घ्यायला संकोच कसला? बहुतेक ठिकाणी जागा नेमून दिलेल्या असतात, टेबलावर चिठ्ठी असते. ज्याला सामना चालू असतानाच कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, पाठवायची आहे त्याला मैदान सरळ दिसायला हवं, म्हणून पहिली रांग. एका अंतिम सामन्याला एक चिरंजीव माझ्या खुर्चीत लॅपटॉप मांडून बसलेले. उठायला सांगितलं तर म्हणे, "काका, आजच्या दिवस ॲडजस्ट करा ना." आणि वॉल्शचं म्हणाल, तर त्याच्यामागे अनेक वर्षांचं काम होतं. पहिल्याच दिवशी येऊन फटाका फोडला नव्हता त्याने.

डेस्कवाला
मी रात्रपाळीला कॉप्या घेणारा माणूस, माझं एवढंच म्हणणं की शांतता पाळा. १९९९चा फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना आठवा. सहाव्या मिनिटापासून बायर्न म्युनिक पुढे, नव्वद मिनिटं संपली, 'बायर्न जिंकलं' अशा कॉप्या तयार, आणि भरपाईच्या वेळेत मँचेस्टर युनायटेडचे दोन गोल. त्या दोन-तीन मिनिटांत अख्खी बातमी उलटी करायची असते. अशा वेळी मागून कोणी "येस्स!" म्हणून पाठीत थाप मारली तर काय करावं वाटेल सांगा.

बाकी प्लग पॉइंटवर कोणीच बोलत नाही, हे नवल आहे. चार खुर्च्यांमागे एक प्लग आणि त्यात कोणाचा तरी फोन. लॅपटॉप नव्हे, फोन! खाली एक्स्टेंशन बोर्डांचं जंगल. यावर दहा नियम लिहा कोणीतरी.

गल्लीतला_ब्रॅडमन
मी पत्रकार नाही, पण अडचणीच्या प्रश्नाचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. ३१ मार्च २०१६, टी-२० वर्ल्ड कपच्या उपांत्य सामन्यात विंडीजकडून हरल्यावर ऑस्ट्रेलियन पत्रकाराने धोनीला निवृत्तीबद्दल छेडलं. माहीने शेजारी बोलावून बसवलं, खांद्यावर हात टाकला आणि त्यालाच उलटे प्रश्न. मी धावताना अनफिट वाटतो का? २०१९चा वर्ल्ड कप खेळू शकेन का? खेळला ना पुढे? प्रश्न विचारण्याआधी गृहपाठ करा.

अर्धविराम
प्रश्नात चूक काय होती? चौतीस वर्षांचा कर्णधार, स्पर्धेतून बाहेर. वाचकाच्या मनात तोच प्रश्न होता. मला खटकलं ते वेगळंच. खोलीतले बाकीचे पत्रकार खो खो हसत होते. प्रेस बॉक्समध्ये टाळी वाजवायची नाही म्हणता, मग आपल्याच व्यवसायातल्या माणसाची फिरकी घेतली जाताना हसायचं चालतं?

गल्लीतला_ब्रॅडमन
अहो, विनोद होता तो. तो पत्रकारही हसत होता. जरा हलकं घ्या.

अर्धविराम
कॅमेऱ्यांसमोर कर्णधाराचा हात खांद्यावर असताना तुम्ही काय केलं असतं, रडला असता?

शाईचा_डाग
धागा धोनीवर गेला. आता परत येत नाही.

गल्लीतला_ब्रॅडमन
गेला तर गेला. सव्वा अब्ज लोकांच्या अपेक्षा वाहणाऱ्या माणसाला हरल्यावर अर्ध्या तासात खुर्चीत बसवायचं आणि 'जाताय कधी?' विचारायचं. तुमच्या साहेबाने तुम्हाला विचारलं तर?

तिसरा_पंच
ब्रॅडमन, पत्रकार परिषद म्हणजे सत्कार समारंभ नाही. तुमच्यासारखेच पुढे पास मिळवून येतात आणि "सर, आज तुम्ही अप्रतिम खेळलात, काय सांगाल?" म्हणतात. प्रश्न कुठंय त्यात?

शाईचा_डाग
पंचसाहेब, म्हणजे अडचणीचा प्रश्न विचारायला हरकत नाही तर! कृपया आपल्याच यादीतलं शेवटचं कलम वाचावं.

तिसरा_पंच
'पहिल्याच सामन्यात' हे दोन शब्द चष्मा लावून वाचा. बरं, ते कलम मी मागे घेतो, तुमचा जीव शांत होऊ दे. ज्येष्ठांचं कलम मात्र राहणार.

अर्धविराम
ज्येष्ठांच्या कलमावर मी गप्प बसणार नाही. अमेरिकन पत्रकार मेलिसा लुड्क १९७७च्या वर्ल्ड सिरीजला बेसबॉल कव्हर करत होती. पुरुष सहकारी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन खेळाडूंशी बोलत, तिला दाराबाहेर ठेवलं. कारण काय, तर सभ्यता. १९७८मध्ये कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा दार उघडलं. 'इथली पद्धत आहे' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं ते यामुळे. माझ्या पहिल्या सामन्याला एका ज्येष्ठांनी मला "मॅडम, पाहुण्यांची गॅलरी पलीकडे" म्हणून सांगितलं होतं. गळ्यात पास होता, चांगला तळहाताएवढा.

तिसरा_पंच
तो मी नव्हे.

अर्धविराम
नाव घेतलंय का मी?

डेस्कवाला
तुम्ही भांडा. खरा गोंधळ एम्बार्गोत (ठरल्या वेळेआधी बातमी न देण्याच्या अटीत) होतो आणि त्यावर अवाक्षर नाही. इंग्लिश फुटबॉलमध्ये व्यवस्थापकाच्या बोलण्यातला काही भाग छापील वर्तमानपत्रांसाठी राखून ठेवतात, तो रात्री ठरल्या वेळेआधी बाहेर काढायचा नसतो. नवखा पोरगा उत्साहात लगेच ट्वीट करतो आणि सगळ्यांच्या उद्याच्या बातमीचं पाणी होतं. यात मानपान नाही, नुकसान आहे. शेजाऱ्याच्या फोनवरचं ऐकून बातमी देणं हेही तसंच. चोरीच ती.

शाईचा_डाग
+१. हे यादीत हवं होतं.

नवी_पालवी
सगळ्यांना नमस्कार. मला शनिवारी पहिल्यांदा फुटबॉलच्या सामन्याला पाठवतायत. सगळं वाचलं, घाम फुटला. मिक्स्ड झोनमध्ये (सामन्यानंतर खेळाडू पत्रकारांसमोरून जातात त्या जागेत) खेळाडू थांबलाच नाही तर हाक मारायची का? आणि गोल झाल्यावर चुकून ओरडले तर?

अर्धविराम
हाक मार, नावाने. एकदाच. थांबला नाही तर पुढचा येतोच. मागे धावू नकोस, कठडा ओलांडू नकोस. थांबला तर एकच प्रश्न, छोटा. दोन विचारलेस तर तो सोप्याचं उत्तर देऊन निघून जाईल.

डेस्कवाला
ओरडलीस तर लोक वळून बघतील. तोंड खाली घालून गोलचं मिनिट आणि गोलसाठी पास कोणी दिला ते लिहून घे, रात्री मी तेच विचारणार. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ये.

तिसरा_पंच
तासभर आधी पोहोच, संघांची यादी हातात घे, टेबलावरची चिठ्ठी वाच. पहिल्या रांगेत तुझं नाव असेल तर बस खुशाल. नसेल तर काय करायचं ते वरच्या क्रांतिकारकांना विचार.

गल्लीतला_ब्रॅडमन
आणि कोणालाही निवृत्तीबद्दल विचारू नकोस ग.

अर्धविराम
जरूर विचार.