पावसाळ्यात विमान उतरेल की नाही, हे मेटार (विमानतळाचा नियमित हवामान अहवाल) वाचून कळतं का?

दर्यावारा:
माझं मत, कळतं. नीट वाचायला हवा, एवढंच. हा बनवलेला नमुना बघा:

व्हीओजीओ १५०६३०झेड २५०१८जी३०केटी १५०० +आरए बीकेएन००८ २५/२४ क्यू१००२

व्हीओजीओ हा गोव्यातल्या दाबोळी विमानतळाचा कोड. १५ तारीख, ०६३० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे आपले दुपारचे १२. वारा २५० अंशांकडून १८ नॉट, गस्ट (मध्येच येणारा झोत) ३०. दृश्यमानता १५०० मीटर, जोरदार पाऊस, ढग ८०० फुटांवर. शेवटचे आकडे तापमान, दवबिंदू आणि हवेच्या दाबाचे. दाबोळीचा रनवे (धावपट्टी) ०८/२६, म्हणजे एकीकडून उतरताना दिशा साधारण ८० अंश, दुसरीकडून २६०. त्यामुळे २६ वर वारा जवळजवळ नाकावर, गस्टमध्येही आडवा वारा ५ नॉटच्या आसपास. आयएलएस (रेडिओ संकेतांवर विमान उतरवायची यंत्रणा) कॅट-१ ची नेहमीची मर्यादा: रनवे दिसायलाच हवा ती उंची २०० फूट आणि आरव्हीआर (रनवेवर किती लांबचं दिसतं ते अंतर) ५५० मीटर. विमान उतरायला हरकत नाही.

वास्को२६:
साफ असहमत. रनवेवर पाणी किती साचलंय, ते यात कुठे आहे? नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठी वेगळा अहवाल निघतो. रनवेचे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ६ कोड देतात. कोरडा ६. पाणी ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर ५, त्याहून जास्त साचलं की थेट २. मग चाकं पाण्यावर तरंगतात, थांबायचं अंतर वाढतं आणि आडव्या वाऱ्याची मर्यादाही खाली येते. शिवाय कोड रनवेच्या लहान आकड्याच्या टोकाकडून, इथे ०८ कडून, लिहितात. ५/५/२ आला तर २६ वर उतरणाऱ्याला तो २ सगळ्यात आधी भेटतो! टॉवरवरून मात्र उतरण्याच्या दिशेनेच सांगतात. +आरए वाचून यातलं काय कळणार?

पेडण्याचा पाऊस:
वास्को२६ बाब, पाण्याचं पटलं. पण मोपासाठी, म्हणजे गोव्याच्या दुसऱ्या विमानतळासाठी, आणखी एक. ढगांची उंची विमानतळाच्या पातळीपासून मोजतात आणि मोपा पठारावर, दाबोळीपेक्षा उंच. दाबोळीवर ८०० फुटांवर दिसणारा तोच थर मोपावर कितीतरी खाली येतो. कित्येक जण व्हीओजीओचा मेटार बघून मोपाचा अंदाज बांधतात. मोपाचा कोड व्हीओजीए, शेवटचं अक्षर तपासा. आणि अर्ध्या तासाने येणाऱ्या मेटारच्या मध्येच सर येऊन जाते. त्यासाठी स्पेसी (हवा अचानक बदलली की निघणारा अहवाल) आणि टॅफमधला (विमानतळाच्या हवामान अंदाजातला) टेम्पो, म्हणजे तात्पुरता बदल, बघायला हवा.

दर्यावारा:
पाण्याचा कोड मेटारमध्ये नाही, हे मान्य. ढगांवर मात्र अडून राहतो. १००० फुटांखाली अ‍ॅप्रोच (उतरण्यासाठी रनवेकडे येणं) चालू ठेवायचा की नाही, हे आरव्हीआर किंवा दृश्यमानतेवर ठरतं, ढगांवर नाही. ढग फक्त रनवे कधी दिसेल ते ठरवतात.

वास्को२६:
ते आयएलएस चालू असेल तर! नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या सूचनेत) तो बंद दिसला की मर्यादा वर सरकतात आणि तुमचे १५०० मीटर अपुरे पडू शकतात. उतरायला ०८ घ्यावा लागला तर याच वाऱ्यात शेपटीकडून जवळपास १८ नॉट. बहुतेक जेटना १० किंवा १५ चीच परवानगी. म्हणून आधी नोटॅम, मग रनवेचा कोड, आणि त्यानंतर मेटार.