वू-टँगचे आठवडी मिक्स : अल्बम फोडावेत की नाही?

कानसूर

वू-टँग क्लॅन या न्यूयॉर्कच्या नऊ जणांच्या रॅप गटाची गाणी सूत्र धरून निवडायची आणि दर शुक्रवारी मित्रमंडळींना पाठवायची, असा उद्योग मी सध्या करतोय. आठवड्याला एक सूत्र, जेमतेम पाऊण तासाची यादी, क्रम माझा, सोबत दोन-चार ओळींची टीप. परवा एका मित्राने झापलं, की तू चांगल्या अल्बमांची खांडोळी करतोयस. माझी बाजू मांडतो, मग तुटून पडा.

इतर कुठल्या गटाबद्दल मी हे म्हणणार नाही, पण वू-टँग एकेक अल्बम घेऊन ऐकला तर पुरता हाती लागत नाही. त्यांचा कारभारच तसा होता. १९९३च्या नोव्हेंबरात 'एंटर द वू-टँग (३६ चेंबर्स)' लाउड रेकॉर्ड्सकडून आला, पण करार करताना गटाचा म्होरक्या आणि संगीतकार रिझाने मेख मारून ठेवली होती : गट लाउडचा, माणसं एकेकटी दुसऱ्या कंपन्यांकडे जायला मोकळी. मग मेथड मॅन डेफ जॅमकडे गेला, ओल्ड डर्टी बास्टर्ड इलेक्ट्राकडे, जिझा गेफनकडे, घोस्टफेस एपिककडे. रेक्वॉन तेवढा लाउडकडेच राहिला. १९९४ ते १९९६ मध्ये या पाचही जणांचे सोलो अल्बम आले. बीट (रॅपखालचं संगीत) बहुतेक रिझाचेच, आणि प्रत्येकाच्या अल्बमवर बाकीच्यांची ये-जा चालूच. म्हणजे गटाचं कितीतरी काम गटाच्या नावावर नाहीच.

गटातलाच इन्स्पेक्टा डेक घ्या. 'प्रोटेक्ट या नेक'ची सुरुवात त्याची, 'ट्रायम्फ'ची सुरुवात त्याची, 'सी.आर.ई.ए.एम.'मधली दुसरी व्हर्स (एका रॅपरचं कडवं) त्याची. आणि स्वतःचा अल्बम? रिझाच्या तळघरातल्या स्टुडिओत पाणी शिरलं, त्यात डेकसाठी केलेले बीट गेले, आणि 'अनकंट्रोल्ड सबस्टन्स' यायला १९९९ उजाडलं. तो अल्बम ऐकून डेकची उंची मोजायला जाल तर फसाल. डेक सापडतो दुसऱ्यांच्या घरी : जिझाच्या 'ड्युएल ऑफ द आयर्न माइक'मध्ये, 'कोल्ड वर्ल्ड'मध्ये, घोस्टफेसच्या 'आयर्नमॅन'वरच्या 'असॅसिनेशन डे'मध्ये (ज्यात खुद्द घोस्टफेसच नाही!), गटाबाहेर गँग स्टारच्या 'अबव्ह द क्लाउड्स'मध्ये. हे सगळं ओळीने लावलं की एरवी पहिली व्हर्स टाकून निघून जाणारा माणूस पाऊण तास समोर बसतो. कुठला अल्बम हे करून दाखवतो, सांगा.

एकसंध

डेकचा मुद्दा मान्य. पण एका डेकच्या जोरावर तुम्ही सगळ्यांच्या अल्बमांना कात्री लावणार, हे काही पटलं नाही.

'३६ चेंबर्स'वरचं 'वू-टँग : सेव्हन्थ चेंबर' कसं सुरू होतं, आठवा. रेक्वॉन मेथड मॅनला विचारतोय, माझी 'द किलर' सिनेमाची टेप कुठाय? मेथड मॅन टोलवाटोलवी करतोय. दोन मित्रांची फालतू कुरबुर, आपल्याला हसू येतं. तेवढ्यात कुणीतरी धावत येऊन सांगतो, ओळखीच्या पोराला गोळ्या घातल्या. ते गाणं संपलं की लगेच 'कॅन इट बी ऑल सो सिंपल', म्हणजे जुने दिवस आठवणारं गाणं. हसणं, मरण, आठवण. हा क्रम आपोआप पडलेला नाही, कुणीतरी बसून लावलेला आहे. तुमच्या 'आठवणींचा आठवडा' छाप मिक्समध्ये हे आठवणीचं गाणं येणार आणि त्याच्या आधीचं प्रेत गायब होणार.

दुसरं उदाहरण 'टीअर्झ'चं. आईने पाव आणायला पाठवलेला धाकटा भाऊ परत येत नाही, ही त्यातली रिझाची गोष्ट. अल्बमवर ते 'प्रोटेक्ट या नेक'च्या लगेच नंतर येतं. आठ जण छाती ठोकून, एकमेकांच्या वरचढ आवाज चढवून जातात, आणि दुसऱ्या मिनिटाला शवागार. मिजास आणि सुतक एकाच घरात राहतात, हे तिथे कळतं. दुःखाची सगळी गाणी वेगळी काढून एका पिशवीत भरलीत तर नुसती रडारड उरते.

ठोका

एकसंध +१. आणि रेक्वॉनचा 'ओन्ली बिल्ट ४ क्यूबन लिंक्स' तर सिनेमासारखाच बांधलाय. मुखपृष्ठावर घोस्टफेसचं नावसुद्धा 'पाहुणा कलाकार टोनी स्टार्क्स' अशा थाटात आहे. कॅसेट जांभळी. सिनेमातले आवडते प्रसंग कापून एकत्र लावले तर त्याला सिनेमा पाहिला म्हणतात का?

तिरकस

मला दोन्ही बाजूंपेक्षा सूत्रांचंच वावडं आहे. असल्या याद्या मी पुष्कळ पाहिल्यात. पहिला आठवडा कुंग-फू, दुसरा बुद्धिबळ, तिसरा पैसा. मग सूत्रं आटतात आणि चौथ्या आठवड्यात 'पावसाळी वू-टँग' येतो. गाण्यात तलवार हा शब्द आला म्हणून ते तलवारीच्या यादीत टाकणं हे कारकुनी काम आहे. त्याला कान लागत नाही, शोधायची सोय लागते.

कानसूर

तिरकस, शब्दावरून सूत्र काढायचं नाही यावर आपलं एकमत आहे. सूत्र कानाला ऐकू यायला हवं, हा माझा एकमेव नियम. टीप वाचली नाही तरी तिसऱ्या-चौथ्या गाण्याला ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, की अरे, हे सगळं एकाच ठिकाणून येतंय. गेल्या महिन्यातला 'मेम्फिस आठवडा' सांगतो.

न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडच्या या पोरांचा मेम्फिसशी काय संबंध? 'सी.आर.ई.ए.एम.'चा पियानो द चार्मेल्स या मुलींच्या गटाच्या १९६७च्या 'अ‍ॅज लाँग अ‍ॅज आय हॅव गॉट यू'मधला. ते गाणं लिहिलं आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर यांनी, मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीसाठी. 'टीअर्झ'मध्ये जी बाई गाते ती वेंडी रेनी, गाणं १९६४चं, तेही स्टॅक्सचं. मग या २००० सालच्या 'द डब्ल्यू'वरच्या 'आय कान्ट गो टू स्लीप'पाशी. त्याच्या खाली वाजतंय हेजचंच १९६९चं 'वॉक ऑन बाय', मूळ बारा मिनिटांचं, तार-वाद्यांचा तो जड पडदा. आणि या गाण्यात हेज स्वतः येऊन गातो. ज्याच्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या सुरांवर पोरांनी आपलं घर बांधलं, तोच माणूस दारात उभा राहून त्यांची समजूत काढतोय. घोस्टफेसचा आवाज त्यात फाटतो, रॅप करता करता तो चक्क रडतो. 'सी.आर.ई.ए.एम.'मागून 'टीअर्झ' आणि त्यामागून हे लावलं तर तेच ऑर्गन-पियानोचं ओलसर वजन तिन्हीकडे ऐकू येतं, आणि शेवटी ज्याचं होतं तो येतो. दोन अल्बम, मध्ये सात वर्षं. वेगवेगळे ऐकले तर ही रेघ कोण ओढणार?

एकसंध

रेघ सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण ती वू-टँगची आहे की तुमची?

आणि खरं सांगू, ही यादी ऐकण्यापेक्षा वाचायलाच जास्त मजा येते. १९६४, १९६७, १९६९ ही साखळी तुमच्या टिपेत आहे, गाण्यात नाही. रिझाने सॅम्पलचा (जुन्या गाण्यातून उचललेल्या तुकड्याचा) वेग बदलून, त्यावर धूळ चढवून ते मुद्दाम अनोळखी केलं होतं. तुम्ही त्याच्या मागे जाऊन एकेकाची ओळख परेड घेताय. मूळ गाणीही यादीत घालता का?

कानसूर

नाही. मूळ गाणं शेजारी ठेवलं की मिक्सचा वर्ग होतो. टिपेत नाव देतो, ज्याला जायचं तो जाईल.

नवी_कोरी

मी थोडं वेगळं लिहिते. मला या गटाची वाट अशाच एका यादीने दाखवली, दुसऱ्या कुणीतरी केलेल्या. त्याआधी '३६ चेंबर्स' लावून बघितला होता. दहा मिनिटांत बंद केला. नऊ माणसं, कोण कोणता ते कळेना, सगळेच ओरडतायत. तुम्ही जे 'क्रम', 'रचना' म्हणता ते ज्याला आवाज ओळखू येतात त्याच्यासाठी आहे.

त्या यादीचं सूत्र अगदी साधं होतं : प्रत्येकाचा आवाज. आधी मेथड मॅनचा घोगरा, मग घोस्टफेसचा उंच आणि घायकुतीला आलेला, मग जिझा, जो कधी आवाज चढवतच नाही, मग ओडीबी (ओल्ड डर्टी बास्टर्ड), ज्याचं गाणं आहे की भांडण ते ठरवता येत नाही. असं करत नऊ जण. त्यानंतर 'डा मिस्टरी ऑफ चेसबॉक्सिन' लावलं तेव्हा यू-गॉड सुरू करतो आणि मास्टा किला संपवतो, हे आपोआप कळलं. त्या पहिल्या अल्बमवर मास्टा किलाची ती एवढी एकच व्हर्स, हेही तेव्हाच लक्षात आलं. मग अल्बम सलग ऐकला, आणि आवडला. एकसंध यांना विचारायचंय, मी आधी काय करायला हवं होतं? दहा वेळा डोकं आपटून घ्यायला हवं होतं का?

ठोका

हो :)

एकसंध

ठोका यांचं मनावर घेऊ नका. नवी_कोरी, तुमची यादी मला मान्य आहे, कारण ती एकदाच केलेली आहे आणि तिचं काम संपलं की ती बाजूला होते. माझा राग 'आठवडी' या शब्दावर आहे. वाट दाखवणारा माणूस दर शुक्रवारी येऊन वाट दाखवायला लागला तर त्याला वाटेवर चालूच द्यायचं नसतं. ऐकणाऱ्याला सवय लागते, की पुढची यादी येईलच. अल्बम लावायचं राहूनच जातं.

बी_बाजू

तत्त्वाचं तुम्ही बघा, मी कामाचं बोलतो. असले मिक्स मीही करतो, आणि सगळ्यात जास्त घात करतात ती स्किट, म्हणजे गाण्याआधीचे छोटे संवाद-प्रसंग. स्ट्रीमिंगवर यांचं स्किट बहुतेकदा वेगळं नसतं, गाण्याच्या फाइललाच चिकटलेलं असतं. 'मेथड मॅन' हे गाणं घाला, त्याच्या आधी मेथड आणि रेक्वॉन एकमेकांना कसा छळ करू याच्या धमक्या देतात तो भाग आलाच. अल्बमवर धमाल आहे. तुमच्या हळव्या तीन गाण्यांनंतर आला की ऐकणारा हेडफोन काढून ठेवतो. जिझाच्या 'लिक्विड स्वोर्ड्स'चं पहिलं गाणं घ्या : आधी 'शोगन असॅसिन' सिनेमातलं ते मूल बापाची गोष्ट सांगतं, मग बीट. ते यादीत पाचव्या जागी ठेवलं तर मध्येच नवा कार्यक्रम सुरू झाल्यासारखं होतं. म्हणून मी ते फक्त पहिलंच ठेवतो, नाहीतर घेतच नाही.

दुसरं, आवाजाची पातळी. '३६ चेंबर्स' गढूळ आहे, मुद्दाम म्हणा किंवा पैसे नव्हते म्हणून म्हणा. १९९७चा 'वू-टँग फॉरेव्हर' स्वच्छ, रुंद. दोन्ही लागोपाठ आले की पहिला फुटका वाटतो, आणि तो फुटका नाहीये. मी मध्ये 'क्यूबन लिंक्स'वरचं काहीतरी टाकतो, म्हणजे कानाला पायरी मिळते.

आणि लांबी. कानसूर यांची पाऊण तासाची मर्यादा बरोबर आहे, सी-९० कॅसेटची एक बाजू. याद्या बिघडतात त्या पाच-पाच तासांच्या करतात म्हणून. काहीतरी वगळावं लागलं नाही तर निवड कसली?

तिरकस

बी_बाजू, स्किट कापून टाकायचं की! एडिटरमध्ये दोन मिनिटांचं काम.

बी_बाजू

कापत नाही. क्रम माझा, गाणं त्यांचं.

एकसंध

हे वाक्य कुणीतरी कानसूर यांच्या दारावर लावा.

कानसूर

लावलेलंच आहे, मीही कापत नाही.

पण 'अल्बम म्हणजे पवित्र' या सुरावर एक बोलतो. हिप-हॉपचा जन्म सांगतात तो ११ ऑगस्ट १९७३चा, ब्रॉन्क्समधल्या एका इमारतीतल्या पार्टीचा. तिथल्या डीजे कूल हर्कची सगळी करामत काय होती? लोक गाण्याच्या ज्या तुकड्यावर नाचतात तेवढाच उचलायचा, एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो लांबवायचा, बाकी गाणं सोडून द्यायचं. त्या कलेचे वारस आपण, आणि गाण्याची जागा बदलली म्हणून गळा काढायचा?

एकसंध

हर्कसमोर नाचणारी माणसं होती. तुकडा चुकला तर तिथल्या तिथे कळायचं. आणि तुकड्यांतून त्याने नवीन वस्तू केली. तुम्ही वस्तू करत नाही, वस्तूंच्या जागा बदलता. हा फरक बारीक नाही.

शिवाय, ज्या गटाने 'वन्स अपॉन अ टाइम इन शाओलिन'ची जगात एकच प्रत काढली आणि ती २०१५ मध्ये वीस लाख डॉलर्सना विकली गेली, त्यांना अल्बम या वस्तूचं काही वाटत नाही असं म्हणू नका.

ठोका

त्या प्रतीची तरी खांडोळी कुणाला करता येणार नाही.

नवी_कोरी

आणि फारसं कुणाला ऐकताही येणार नाही. हे जिंकणं म्हणायचं की हरणं?

एकसंध

बरं, तोडगा सुचवतो. नोव्हेंबरात मिक्स बंद ठेवा. ७ नोव्हेंबर १९९५ला 'लिक्विड स्वोर्ड्स', ९ नोव्हेंबर १९९३ला '३६ चेंबर्स', १५ नोव्हेंबर १९९४ला मेथड मॅनचा 'टिकल'. तीन शुक्रवार, तीन अल्बम, सलग, पहिल्या सेकंदापासून. सूत्र हवंच असेल तर 'नोव्हेंबर' हे सूत्र आहे.

कानसूर

वा, म्हणजे तुम्हीही सूत्र लावलंतच! तिन्ही शुक्रवार दिले. पण १३ नोव्हेंबरचा आठवडा माझा. २००४ मध्ये ओडीबी त्याच दिवशी गेला, छत्तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्याच्यावर एक मिक्स करणारच, आणि रडका करणार नाही.

एकसंध

१३ आणि १५ एकाच आठवड्यात पडतात. 'टिकल'चं काय?

कानसूर

'टिकल' चौथ्या शुक्रवारी.

एकसंध

आणि ओडीबीचा मिक्स कशाला? त्याचा 'द डर्टी व्हर्जन' अख्खा आहे की, तोच लावा.

कानसूर

तो १९९५च्या मार्चमधला आहे. तुमच्याच नियमाने तो मार्चमध्ये ऐकू.

एकसंध

लिहून ठेवतोय. मार्चमध्ये आठवण करून देईन, आणि त्या शुक्रवारी तुमची यादी आलेली चालणार नाही.