ब्रुसेल्समध्ये राहताना आधी फ्रेंच शिकावे की डच?

कृष्णाकाठ

नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे. गेल्या ऑक्टोबरपासून ब्रुसेल्समधल्या एव्हर या भागात राहतो. माझ्या यजमानांचे कार्यालय शेजारीच, पण ब्रुसेल्सच्या हद्दीबाहेर, डीगेमला आहे. मी भारतात लेखापाल म्हणून काम करत होते आणि येथेही पुढच्या वर्षी नोकरी शोधायची आहे. मुलगी सप्टेंबरात अडीच वर्षांची होईल, तेव्हा तिची बालशाळा सुरू होईल. घरापासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या डच माध्यमाच्या शाळेत तिला जागा मिळाली आहे.

अडचण अशी की आमच्या आसपास डच कानावर पडतच नाही. जिन्यात भेटणारे शेजारी, पाववाला, डॉक्टर आणि घरमालकीण हे सगळे फ्रेंच बोलतात. अकरावी-बारावीला गुणांसाठी म्हणून मी फ्रेंच घेतले होते. त्यामुळे फलक आणि पत्रे बऱ्यापैकी वाचता येतात, पण बोलायची वेळ आली की वाक्य जुळत नाही. फेब्रुवारीत एका रात्री मुलीला सणकून ताप भरला, तेव्हा मी एकटीच रात्रपाळीच्या औषधाच्या दुकानात गेले. ताप केव्हापासून आहे आणि आधीचे औषध किती वाजता दिले, एवढेच सांगायचे होते, तेही मला धड सांगता आले नाही. त्या भल्या बाईंनी औषधाच्या खोक्यावर पेनाने घड्याळाचे तीन गोल काढले, त्यात काटे दाखवले आणि प्रत्येकाखाली किती मिलिलिटर ते लिहून दिले. ते खोके मी अजून टाकलेले नाही.

आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रोज अर्धा तास, एवढाच वेळ मी काढू शकते. त्यात या वर्षी एकच भाषा होईल, ती कोणती धरावी? इंग्रजीवर भागते हे मला ठाऊक आहे. परंतु माझ्यासाठी लोक इंग्रजीवर येतात तेव्हा बोलणे चार वाक्यांत आटोपते, हेही मी रोज पाहते आहे. म्हणून कृपया त्या पर्यायापलीकडे जाऊन सांगावे.

शिशिरऋतू

ताई, मी 14 वर्षे स्कारबेकमध्ये राहतो आणि माझे उत्तर निःसंशय फ्रेंच असे आहे. ब्रुसेल्सचे 19 कम्यून, म्हणजे नगरपालिका, कागदोपत्री द्विभाषिक आहेत, रस्त्यांची नावेही दोन भाषांत लिहिलेली असतात, परंतु रस्त्यावरचा व्यवहार फ्रेंचमध्ये चालतो. ज्या भाषेत तुम्हाला रात्री औषध मागावे लागले, ती भाषा आधी शिकावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरे कारण तुमच्या बारावीचे आहे. तो पाया वाया गेलेला नाही, त्यावर फक्त धूळ बसली आहे. क्रियापदांची रूपे तुम्ही एकदा घोकलेली आहेत आणि ती नव्याने शिकणाऱ्यापेक्षा तुम्हाला लवकर आठवतील. अडते ते ऐकण्यात, कारण पुस्तकातले फ्रेंच आणि तोंडचे फ्रेंच यांत अंतर आहे. ‘मला माहीत नाही’ यासाठी तुम्ही ‘ज न से पा’ असे चार सुटे शब्द पाठ केले असतील, पण तुमची शेजारीण ते एका दमात ‘शे पा’ असे म्हणते आणि तुम्हाला वाटते की हा शब्द आपण कधी शिकलोच नाही. रोज सकाळी स्वयंपाक करताना ‘ला प्रमियेर’ हे नभोवाणी केंद्र लावून ठेवा आणि बातम्यांतली एकच बातमी पूर्ण समजेपर्यंत पाठपुरावा करा. रविवारी मिदी स्थानकाजवळच्या बाजारात जाऊन भाव विचारा. तेथे विक्रेते मोठ्याने आणि पुन्हापुन्हा बोलतात, तसा शिक्षक वर्गात मिळत नाही.

आकड्यांची धास्ती बाळगू नका. फ्रान्समध्ये सत्तरला ‘साठ-दहा’ आणि नव्वदला ‘चार-वीस-दहा’ म्हणतात, तसे बेल्जियममध्ये म्हणत नाहीत. येथे सत्तर म्हणजे ‘सेप्तांत’ आणि नव्वद म्हणजे ‘नोनांत’, असे सरळ शब्द आहेत. फक्त ऐंशी ‘चार विसा’ राहिले आहेत, आणि आपल्या आजीच्या पिढीने विसांच्या हिशेबाने नारळ मोजलेले असल्यामुळे तेही आपल्याला परके वाटू नये.

वेंगुर्लेकर

शिशिरऋतू यांचे म्हणणे ब्रुसेल्सच्या आतल्यापुरते बरोबर आहे. पण ताईंच्या यजमानांची नोकरी हद्दीबाहेर आहे आणि घर मोठे हवे झाले की आपली बरीच कुटुंबे झाव्हेंटेम, फिल्वोर्डे किंवा लूव्हनकडे सरकतात. आम्हीही तसेच सरकलो. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कायद्याने ठरवलेली भाषेची सीमारेषा या देशात अगदी काटेकोर पाळली जाते. ब्रुसेल्सभोवतीच्या सहा कम्यूनांत फ्रेंच भाषकांना काही सवलती आहेत, पण बाकी फ्लांडर्समध्ये, म्हणजे देशाच्या उत्तरेकडच्या डच भाषक भागात, कम्यूनचे कामकाज डचमध्येच चालते. लूव्हनच्या जुन्या विद्यापीठाचा फ्रेंच विभाग 1968 च्या वादानंतर सीमेपलीकडे नव्याने वसवलेल्या गावात गेला, यावरून भाषा हा येथे किती जिव्हाळ्याचा विषय आहे ते लक्षात यावे.

आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातला एक प्रसंग सांगतो. मी फ्रेंच भाषक भागातल्या मोंस या शहराला जायला गाडीने निघालो होतो. ब्रुसेल्स सोडल्यावर फलकांवरून ‘मोंस’ नाहीसे झाले आणि त्या जागी ‘बेर्गेन’ आले. रस्ता चुकला असे समजून मी पुढच्या फाट्यावर वळलो आणि पाऊण तास भटकलो. मोंस म्हणजेच बेर्गेन, आणि फ्रान्समधले लील म्हणजेच डचमधले ‘रेइसेल’, हे मला पेट्रोल पंपावरच्या एका वृद्ध गृहस्थांनी नकाशावर बोट ठेवून समजावले. फ्लांडर्समधून जाताना फलक केवळ डचमध्येच असतात.

आता भाषेविषयी. डच ही मराठी माणसाला वाटते तेवढी दूरची नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मुख्य वाक्याला ‘कारण’ जोडून उपवाक्य आले की त्यातले क्रियापद शेवटी जाते: ‘ओमदात मेइन दोख्तर कोर्त्स हेफ्त’, म्हणजे शब्दाला शब्द ठेवला तर ‘कारण माझ्या मुलीला ताप आहे’. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला येथे अडखळायला होते, आपल्याला नाही. आकड्यांचेही तसेच आहे. त्रेपन्नला डच माणूस ‘तीन आणि पन्नास’ म्हणतो आणि पंच्याण्णवला ‘पाच आणि नव्वद’, म्हणजे एकक आधी आणि दशक नंतर, थेट आपल्यासारखे. माझे इंग्रज सहकारी दूरध्वनी क्रमांक उतरवून घेताना 53 चे 35 करतात. मी तो मनात मराठीत ऐकतो आणि बरोबर लिहितो. अवघड आहेत ते उच्चार, विशेषतः ‘हाउस’ म्हणजे घर या शब्दातला स्वर, जो मराठीत लिहिताच येत नाही, आणि घशातून येणारा ‘ख’.

माझ्या गावाला सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष आहेत आणि आपल्या जुन्या कागदपत्रांत या लोकांना वलंदेज म्हटले आहे. लहानपणी त्या पडक्या भिंतींजवळ खेळलेल्या मला त्यांची भाषा पुढे रोजची होईल असे कधी वाटले नव्हते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. तुम्ही अडखळलात की डच भाषक लगेच इंग्रजीवर येतात. त्यात त्यांचा चांगुलपणा असतो, पण तुमचे शिकणे तेथेच थांबते. म्हणून ‘मी डच शिकते आहे, कृपया डचमध्येच बोला’ हे वाक्य सर्वांत आधी पाठ करा आणि ते म्हणायला संकोच करू नका.

रानजाई

मी दोन मुलांना ब्रुसेल्समधल्या डच शाळेत घातले आहे, म्हणून शाळेच्या बाजूने लिहिते. वर दोघांनीही आपापल्या भाषेची बाजू चांगली मांडली आहे, परंतु निवडीची कसोटी मला वेगळी वाटते. वर्ग लावायचा तो अशा भाषेसाठी, जी तुम्हाला लागणार आहे आणि जी आपण होऊन तुमच्या कानावर पडणार नाही. फ्रेंच तुम्हाला जिन्यात, दुकानात, ट्राममध्ये भेटतच राहणार आहे आणि तिचा पायाही आहे. डच तुम्हाला शाळेच्या फाटकाआतच भेटेल, तेही दिवसातून दोन मिनिटे. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या इतर आया आपसांत फ्रेंच किंवा अरबी बोलतात आणि मधल्या सुट्टीत मुलेही बरेचदा फ्रेंचच बोलतात. त्यामुळे डच शाळेत घातले म्हणजे आईला डच आपसूक येईल, या समजुतीत राहू नका. मी तीन वर्षे राहिले.

बालशाळेत मुलांच्या दप्तरात ये-जा करणारी एक लहान वही असते. बाई तिच्यात दोन ओळी लिहितात आणि आपण उत्तर लिहायचे असते. माझ्या मोठ्या मुलाच्या वहीत एकदा ‘आज नीट जेवला नाही’ एवढेच डचमध्ये लिहिले होते. मी ते भाषांतराच्या अ‍ॅपवर टाकून वाचले आणि खाली फक्त आभार मानले. मला खरे तर लिहायचे होते की त्याचा दात हलतो आहे, त्याला चावता येत नाही, पाव बारीक करून दिला तर खाईल. ते लिहिता आले नाही आणि पुढचे चार दिवस डबा तसाच परत आला. धाकटीच्या वेळेपर्यंत मी दोन पातळ्या पूर्ण केल्या होत्या आणि तिच्या वहीत माझी चुकांसह अर्धे अर्धे पान उत्तरे आहेत. बाईंनी त्या चुका कधी दुरुस्त केल्या नाहीत, पण त्यांच्याही ओळी लांबत गेल्या.

आणखी एक गोष्ट फार कळकळीने सांगते. तुम्ही कोणतीही भाषा शिकलात तरी मुलीशी घरात मराठीतच बोला. शाळेत मागे पडेल या भीतीने मी काही महिने मोठ्याशी मोडके डच बोलत होते. त्याचे डच सुधारले नाही, कारण ते त्याला माझ्याकडून चुकीचेच ऐकू येत होते. उलट संध्याकाळी तो मला काही सांगेनासा झाला. तुमचे डच शाळेशी बोलण्यासाठी आहे, मुलीशी बोलण्यासाठी नाही.

जाता जाता, ब्रुसेल्समधल्या डच शाळांत डच येणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी प्रवेशात काही जागा प्राधान्याने असतात. पुढे शाळा बदलायची वेळ आली तर तुमच्या प्रमाणपत्राचा तेथेही उपयोग होईल.

शिशिरऋतू

रानजाई यांचा अनुभव वाचून माझे मत थोडे हलले आहे, पण एका मुद्द्यावर मी ठाम आहे. कानावर पडणारी भाषा आपोआप येत नाही. माझ्या इमारतीत असे आपले लोक आहेत, ज्यांनी 10 वर्षे फ्रेंच ऐकले आणि ‘बोंजूर’च्या पुढे ते गेले नाहीत. डचचा वर्ग लावला तरी रोजच्या त्या अर्ध्या तासातला काही भाग फ्रेंचसाठी राखून ठेवावा. ब्रुसेल्सच्या रोजगार कार्यालयाचे ‘ब्रुलिंग्वा’ हे भाषा शिकण्याचे संकेतस्थळ येथील रहिवाशांना विनामूल्य आहे आणि त्यावर दोन्ही भाषा आहेत. लेखापालाच्या नोकरीसाठी ब्रुसेल्समध्ये दोन्ही भाषा मागणाऱ्या जाहिराती भरपूर दिसतील, त्यामुळे दुसरी भाषा पुढे ढकलता येईल, टाळता येणार नाही.

पैलतीर

कायद्याच्या बाजूने थोडक्यात. ज्या नवागतांना ब्रुसेल्समध्ये 1 जून 2022 पासून एकात्मता अभ्यासक्रम सक्तीचा झाला आहे, त्यांना फ्रेंच किंवा डच यांपैकी कोणताही मार्ग घेता येतो. तुम्हाला तो लागू होतो का, हे कम्यूनच्या खिडकीवर विचारून घ्या. नागरिकत्वासाठीही डच, फ्रेंच, जर्मन यांपैकी एका भाषेचा दाखला चालतो, मग तुम्ही देशात कोठेही राहत असा. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे तो निर्णय वेगळा आणि मोठा आहे. भाषेची निवड त्यावर अवलंबून ठेवू नका.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रानजाई ताई, तुमच्या वहीचा प्रसंग मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला आणि आमचा निर्णय तेथेच झाला. मंगळवारी मी ‘हाउस फान हेट नेडरलांड्स’ या डच शिकणाऱ्यांना वर्ग सुचवणाऱ्या संस्थेत जाऊन आले. तेथील बाईंनी चाचणी घेऊन, घरापासूनचे अंतर विचारून सप्टेंबरपासूनचा संध्याकाळचा वर्ग सुचवला आणि मी नाव नोंदवले. तोपर्यंतचे सगळे अर्धे तास फ्रेंचसाठी ठेवले आहेत आणि ‘ला प्रमियेर’ आजपासून सुरू केले. आज हवामानाचा अंदाज पूर्ण समजला, बातम्या नाही.

एक विनंती आहे. कोणाकडे बालशाळेच्या वयाची डच चित्रपुस्तके पडून असतील तर कृपया कळवावे. शाळा सुरू होण्याआधी त्यातले शब्द मला स्वतःसाठी पाठ करायचे आहेत, मुलीला गोष्ट मी मराठीतच सांगेन. ब्रुसेल्समध्ये कोठेही स्वतः येऊन घेऊन जाईन आणि जपून परत करीन.