वळताना मागून घरघर, तीन दिवे एकदम: जुन्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीवर किती खर्च करावा?

चेंबूरची_चाकं:

नमस्कार. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

गाडी २०१० ची, पेट्रोल, ऑटोमॅटिक, १,१८,००० किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जातो. बाबांनी हौसेने घेतली होती, ते गेल्यापासून मी चालवते. एरवी पुढची चाकं ओढतात आणि ती जागच्या जागी फिरायला लागली की मागची आपोआप जोडली जातात, असा प्रकार. वेगळा लिव्हर वगैरे काही नाही.

दुखणं असं. बीकेसीहून संध्याकाळी परत आले की सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवावं लागतं. तेव्हा मागच्या सीटखालून घरघर येते आणि हँडब्रेक अर्धवट ओढलेला असावा तशी गाडी अडखळते. सकाळी थंड असताना काही नाही. त्यात गेल्या महिन्यापासून एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारं), स्टॅबिलिटी (गाडी घसरू न देणारं) आणि फोर-व्हील, हे तिन्ही दिवे एकदम लागतात. गाडी बंद करून चालू केली की दोन-तीन दिवस गायब.

सर्व्हिस सेंटरने लिफ्टवर चढवून दहा मिनिटांत निकाल दिला: मागचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) कपलिंगसकट (मागची चाकं जोडणारा-सोडणारा क्लच) अख्खं बदला. १,६५,००० रुपये, मजुरी वेगळी, पार्ट यायला दीड महिना. अहो, गाडी विकायला काढली तर तीन लाख कोणी देईना! आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो, "मॅडम, मागच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्टच काढून टाकतो. मुंबईत कशाला लागतं फोर-व्हील?"

मुंबईत नाहीच लागत. लागतं गावी. राजापूर तालुक्यात आमच्या घराकडे जाणारी शेवटची चढण जांभ्याची आहे, श्रावण-भाद्रपदात तिच्यावर हिरवंगार शेवाळ. दोन वर्षांपूर्वी गणपतीत शेजाऱ्यांची छोटी गाडी तिथून मागे घसरत येऊन गडग्याला टेकली. आमची गुमान वर गेली. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, तिला त्या चढणीवरून चालत नेता येत नाही. शिवाय पंधरा वर्षं झाल्यावर फेरपासिंगही नुकतंच केलंय, ५ वर्षांचं, ग्रीन टॅक्स भरून. म्हणजे गाडी ठेवायचीच आहे. काय करू?

तिरकस:

विका. १,६५,००० मध्ये आईला जन्मभर पालखीतून वर नेता येईल.

गिअरबॉक्सवाला_अण्णा:

ताई, आधी तीन गोष्टी सांगा, मग बोलू. चारही टायर एकाच वेळी बदललेत का? मागच्या डिफरन्शियलचं तेल शेवटचं कधी बदललं? आणि नीट आठवून सांगा, ते तीन दिवे लागलेले असताना वळवलीत तर घरघर येते का?

चेंबूरची_चाकं:

टायर मार्चमध्ये बदलले, पण फक्त पुढचे दोन. मागचे बरे दिसत होते. तेलाचं म्हणाल तर बाबांच्या फायलीतली सगळी बिलं काढून बसले, इंजिन ऑइल दरवर्षी आहे, डिफरन्शियल हा शब्द कुठेही नाही.

आणि तिसऱ्या प्रश्नासाठी दिवे लागायची वाट बघत चार दिवस थांबले. काल लागले. पार्किंगमध्ये मुद्दाम दोनदा वळवली. आवाज नाही! लोण्यासारखी वळली. हे कसं काय?

गिअरबॉक्सवाला_अण्णा:

मग तुमचे १,६५,००० बहुतेक वाचले.

दिवे लागले की गाडीचा कॉम्प्युटर मागच्या चाकांची जोडणी सोडून देतो. बेअरिंग किंवा गिअरचे दात गेले असते तर ते चाकांबरोबर फिरतातच, दिवा लागो न लागो, आवाज आलाच असता. तुमचा आवाज जोडणी सुटल्यावर थांबतो, म्हणजे तो कपलिंगच्या क्लच-प्लेटांचा. त्या तेलात बुडालेल्या असतात. तेल म्हातारं झालं की प्लेटा हळूच सरकायच्या ऐवजी धरतात-सोडतात, धरतात-सोडतात. तीच तुमची घरघर. अख्खं डिफरन्शियल बदलणं म्हणजे दात किडला म्हणून जबडा बदलणं.

आता टायर. पुढे नवी नक्षी आणि मागे झिजलेली, म्हणजे मागचं चाक लहान झालं, त्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर नक्षी असते. मागची साडेचार धरली तर घेरात दोन सेंटिमीटरवर फरक पडतो, म्हणजे किलोमीटरला चार-साडेचार फेऱ्या. तुमच्या चेंबूर-बीकेसी जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटरमध्ये सत्तरेक. तेवढ्या फेऱ्या त्या बिचाऱ्या प्लेटा एकमेकींवर घासून पचवतात आणि तेल तापतं. म्हणून सकाळी ठीक आणि संध्याकाळी बोंब. साध्या गाडीला दोन-दोन टायर बदलले तर चालतं, हिला नाही.

दिवे हा वेगळा आजार. तिन्ही एकदम लागतात म्हणजे चाकाचा वेग मोजणारा एखादा सेन्सर किंवा त्याची वायर मधूनच दगा देतेय. फोर-व्हीलचा कॉम्प्युटर एबीएसच्याच आकड्यांवर जगतो. एबीएसचं कोड वाचणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा, कोणतं चाक ते पाच मिनिटांत कळेल.

तेल बदलताना एक लक्षात ठेवा. आधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का बघायला सांगा. तो सुटला तरच खालचा उघडा. खालून सगळं तेल सांडून मोकळे झाले आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच. हे माझ्या हातून झालंय, कुर्ल्यात, भर पावसात, म्हणून सांगतो. तेल गाडीच्या पुस्तकात दिलेलंच घाला, साधं गिअर ऑइल "सगळं एकच असतं हो" म्हणत ओततील, ओतू देऊ नका. जेमतेम लिटर-सव्वा लिटर लागतं. खालच्या बोल्टला बहुतेक चुंबक असतं, त्याच्यावर राखाडी मळ असला तर ठीक, बोटाला टोचणारे कण निघाले तर मला फोटो टाका.

परळचा_पाणबुडा:

अण्णांना एक जोड. तेल काढाल तेव्हा रंग बघा. काळं आणि जळका वास म्हणजे तापलेलं, दुधाच्या चहासारखं म्हणजे पाणी शिरलेलं. माझं चहासारखं निघालं होतं. हिंदमाताला चाकं बुडतील इतक्या पाण्यातून काढली होती. तापलेलं डिफरन्शियल पाण्यात एकदम गार झालं की आतली हवा आकसते आणि श्वास घ्यायच्या नळीतून किंवा सीलमधून पाणी ओढून घेते.

शाफ्ट काढायचं म्हणाल तर तुमच्यासारख्या गाडीत तो काढूनही ती पुढच्या चाकांवर चालते. पण चारही चाकं कायम जोडलेल्या, मधे डिफरन्शियल असलेल्या गाडीत हा उद्योग केला की ताकद सगळी सैल बाजूने निघून जाते आणि गाडी हलत नाही. आणि कधी टो करायची वेळ आलीच तर चारही चाकं वर असलेली फ्लॅटबेडच मागवा. दोन चाकं रस्त्यावर फिरवत नेली तर कपलिंगचा भुगा होऊ शकतो.

चेंबूरची_चाकं:

हिशेब द्यायला आलेय.

पंक्चरवाल्याकडे टायर वर उचलले तेव्हा सुतळी गुंडाळून घेर मोजले. तो माझ्याकडे बघतच राहिला. पुढचे २२७ सेंटिमीटर, मागचे २२४.८. अण्णा, तुम्ही गाडी न बघता सांगितलं होतं! मागे त्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे दोन घातले, आता चारांत अर्ध्या सेंटिमीटरच्या आत फरक आहे. दोन्ही मिळून १७,४००.

तेल काळं निघालं, भांड्यात ओतल्यावर करपलेल्या डाळीसारखा वास. चुंबकावर नुसता मळ. वरचा बोल्ट सुटायला पाऊण तास लागला आणि मेकॅनिक म्हणाला, "बरं झालं मॅडम, आधी हाच बघायला लावलात." तेल आणि मजुरी २,९००.

सेन्सर मागचा डावा. सेन्सर ठणठणीत, वायर कुरतडलेली. आमच्या पार्किंगमध्ये घुशी आहेत हे सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये मी सांगत आलेय. ६०० रुपयांत जोडली, वर जाड पाइप चढवला.

दिवे तीन आठवडे लागलेले नाहीत. घरघर मात्र अगदी गेलेली नाही. दिवसभर चालवून आल्यावर शेवटच्या वळणाला एखादा हुंकार येतो.

गिअरबॉक्सवाला_अण्णा:

येणारच. जुनं तेल प्लेटांच्या आत मुरलेलं असतं, एका बदलीत निघत नाही. मोकळ्या जागी हळूहळू आठचा आकडा काढत दहा-बारा चकरा मारा, दोन्ही बाजूंना. मग हजारेक किलोमीटर झाले की तेल पुन्हा बदला. बोल्टची वॉशर नवी घाला. आणि गावी जायच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी करा, म्हणजे काही ठिबकलं तर इथेच कळेल.

चेंबूरची_चाकं:

रविवारी सकाळी सोसायटीच्या पटांगणात आठ काढले. वॉचमनने विचारलं, लायसन्सची परीक्षा आहे का?